मामा आणि मुका कॉम्प्युटर

माझा मामा रेडिओ दुरुस्त करायचा. करायचा म्हणजे तीस वर्षं त्याने तेवढंच केलं. बाजारामागच्या गल्लीत, शिंपी आणि चावीवाला यांच्या मधे, एक माणूस बसला की दुसऱ्याने उभंच राहावं एवढं त्याचं दुकान. रेडिओ आला की तो लगेच उघडायचा नाही. कानाशी धरायचा, डोळे मिटायचा आणि गिऱ्हाइकाने तक्रार सांगायला तोंड उघडलं की हाताने गप्प करायचा. "त्याला सांगू दे की," म्हणायचा. गिऱ्हाइकं चिडायची, पण पुढच्या वेळी त्याच्याकडेच यायची.

त्याचा दुसरा लाडका शब्द म्हणजे "हळू". स्क्रू हळू, झाकण हळू, दारसुद्धा हळू. मी सहा-सात वर्षांची असताना शाळा सुटली की त्याच्या दुकानात जाऊन बसायचे. एकदा पोस्टमनच्या रेडिओची पुढची काच त्याने माझ्या हातात दिली आणि बसवायला सांगितली. ती बसेना, म्हणून मी अंगठ्याने दाबली. कट्‌कन आवाज झाला आणि काचेचे दोन तुकडे. पोस्टमन समोरच उभा होता. मामाने तुकडे माझ्या हातातून काढून घेतले. "कसले दगडाचे हात आहेत पोरीचे," तो पोस्टमनला म्हणाला. त्यानंतर मी दुकानात गेले नाही आणि त्यानेही बोलावलं नाही. घरी येणंजाणं मात्र चालू राहिलं, जसं काही झालंच नव्हतं.

तेव्हापासून मी कशालाच जोर लावत नाही. बाटलीची झाकणं मला उघडत नाहीत. मी बंद केलेला नळ हमखास ठिबकत राहतो आणि आई त्यावरून रोज बोलते.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. इमारतींचे नकाशे काढणाऱ्या एका ऑफिसने माझी चाचणी घ्यायचं ठरवलं. घरूनच द्यायची होती. दुपारी चारला ते नकाशा पाठवणार, सहापर्यंत मी तो पुरा करून द्यायचा. माझा जुना लॅपटॉप असलं काम नुसतं उघडतानाच धापा टाकायचा. म्हणून मी सुटे भाग मागवले आणि स्वतः कॉम्प्युटर जोडला. दीड वर्ष घरी बसले होते. ही नोकरी मला हवी होती, अगदी जीव टाकून हवी होती. उगाच कशाला लपवू?

भाग यायलाच उशीर झाला, त्यामुळे पहिल्यांदा बटण दाबलं ते चाचणीच्याच दिवशी, सकाळी दहाला. पंखे फिरले, आत निळा दिवा लागला आणि मॉनिटर ढिम्म. "सिग्नल नाही" एवढं सांगून तोही झोपी गेला. मी केबल काढून पुन्हा घातली. दुसरी केबल लावून पाहिली. मॉनिटर लॅपटॉपला जोडला, तर तिथे ठणठणीत. साडेअकरापर्यंत माझ्या तोंडचं पाणी पळालं होतं. भाग विकणारा दुकानदार फोनवर म्हणाला, "घेऊन या, उद्या बघू." उद्या बघून काय डोंबल करू?

आईने मला न विचारता मामाला फोन केला. मी तिच्यावर भडकलेच. दुकान बंद करून त्याला चार वर्षं झाली होती. हात कापायचा त्याचा, कप बशीत ठेवला की वाजत राहायचा. त्याला या नव्या पेटीतलं काय कळणार होतं? पण बाराच्या ठोक्याला तो हजर, काखेत जुना पत्र्याचा डबा.

"काय म्हणतोय?" त्याने विचारलं.

"काहीच म्हणत नाही मामा, तेच तर रडगाणं आहे."

त्याने वाकून कान लावला. मी घड्याळाकडे बघत होते आणि हा आपला निवांत डोळे मिटून.

"जेवलाय, पण बोलत नाही," तो म्हणाला. "याचं तोंड कुठंय?"

तोंड नसतं याला, असं मी खेकसणार होते. मग आठवलं. कॉम्प्युटरच्या आतल्या मुख्य बोर्डाच्या पुस्तिकेत एका कोपऱ्यातल्या चार पिना दाखवल्या होत्या, छोटा स्पीकर लावायला. बिघाड असला तर बोर्ड त्यातून शिट्टी देतो. पण तो स्पीकर हल्ली कुणी बरोबर देत नाही. मामाने डबा उघडला आणि कोटाच्या बटणाएवढा स्पीकर बाहेर काढला, दोन वायरींसकट.

"कुठे लावायचा ते तू वाच. वाचायचं काम तुझं, ऐकायचं माझं."

प्लग काढून स्पीकर लावला, पुन्हा बटण दाबलं. एक लांब शिट्टी वाजली. जरा थांबली, मग पुन्हा तेवढीच लांब.

"सगळ्या सारख्या," मामा म्हणाला. "मधे श्वास घेतो आणि परत तेच. बघ काय लिहिलंय."

मी पुस्तिकेवर बोट फिरवलं. लांब शिट्टी पुन्हा पुन्हा, म्हणजे मेमरी सापडत नाही. मेमरी म्हणजे एक लांबट पट्टी, बोर्डावरच्या खाचेत उभी बसते.

"बसली आहे ती," मी म्हटलं. "हा बघ खटका लागलाय."

मामाने टॉर्च मारला आणि गाल जवळजवळ बोर्डाला टेकवला. "खटका त्या टोकाला लागलाय. हे टोक वर राहिलंय, केसभर. वीज बंद कर आणि दाब."

मी दाबलं. पुन्हा शिट्टी. परत बंद करून दाबलं. परत तीच शिट्टी.

"अगं, दाबतेस की कुरवाळतेस?"

"मोडेल!" मी ओरडले. "दगडाचे हात आहेत ना माझे? तूच म्हणाला होतास!"

वीस वर्षांनी ते असं तोंडातून निघेल असं मला वाटलं नव्हतं. एक वाजून गेला होता. मामा पुढे सरकला. त्याने स्वतःचा अंगठा पट्टीवर टेकवला. अंगठा थरथरला आणि घसरला. पुन्हा टेकवला, पुन्हा घसरला. मग त्याने हात खिशात घातला.

"त्या काचेला आधीच तडा होता," तो म्हणाला. "सकाळी माझ्याच हातून पडली होती. पोस्टमनला सांगायचा धीर होईना. म्हणून तुझ्या हातात दिली, आणि मोडल्यावर तुझ्यावर ढकललं."

मला राग आला का? आला, चांगलाच आला. इतकी वर्षं मी दार लावताना, बरणी उचलताना, भाचरं कडेवर घेताना स्वतःच्या हातांना जपत आले होते. तो सगळा राग माझ्या अंगठ्यांत उतरला. दोन्ही अंगठे त्या टोकावर ठेवले आणि दाबलं. बोर्ड जरासा वाकला, तरी मी थांबले नाही. खट्‌ असा आवाज आला.

"हां. आता वीज दे," मामा म्हणाला.

एकच छोटी शिट्टी झाली आणि मॉनिटरवर अक्षरं उमटली. आई स्वयंपाकघरातून धावत आली. मला रडू फुटलं, आणि ते नुसत्या चाचणीपायी नव्हतं.

चारच्या आत नकाशाचं सॉफ्टवेअर वगैरे सगळं भरून झालं. सहाला पाच मिनिटं कमी असताना मी नकाशा पाठवला. त्याच ऑफिसात मी आज काम करते. त्या दिवशी मामा सहापर्यंत बाहेरच्या खोलीत बसून होता, डबा मांडीवर घेऊन.

"इतक्या वर्षांत सांगितलं का नाहीस?" मी त्याच्यासमोर बसत विचारलं.

"मागच्या वर्षी पोस्टमन भेटला होता. त्याची माफी मागितली. तो म्हणाला, कसली काच? त्याला आठवतच नव्हतं. मग म्हटलं, तूही विसरली असशील."

"मी नव्हते विसरले."

"हो," मामा म्हणाला. "ती पट्टी अर्धवट बसलेली बघितली तेव्हाच कळलं मला."