आवाज न करता पाश्चात्त्य संगीत

लातुरात काहीही शिकवता येतं, फक्त त्याचे चार पर्याय करता आले पाहिजेत. हे मला ठाऊक होतं. तरी तिथल्या एका क्लासच्या मालकांनी नांदेडला फोन करून पाश्चात्त्य संगीताचा इतिहास शिकवाल का म्हणून विचारलं, तेव्हा मी जरा गडबडलोच. निवासी शाळांसाठी संगीत शिक्षकांची भरती निघाली होती आणि कुणा हौशी माणसानं अभ्यासक्रमाच्या शेपटाला अख्खा युरोप बांधून दिला होता, मध्ययुगापासून विसाव्या शतकापर्यंत. मी संगीतात एम.ए. हार्मोनियम बरी वाजवतो, ख्याल बेताचा गातो. पाश्चात्त्य संगीताशी संबंध एका पेपरापुरता, आणि तो पेपरही गाईडवर काढलेला. ऐकलेलं म्हणाल तर जवळजवळ काहीच नाही. पण लातूरच्या क्लासवाल्यानं आपण होऊन बोलवावं, याचा आमच्याकडे मान केवढा, हे बाहेरच्या माणसाला कळायचं नाही. मी हो म्हणून टाकलं.

पहिल्या दिवशी छोटा स्पीकर घेऊन गेलो. मोबाइलवर पाच-सहा तुकडे शोधून ठेवले होते. म्हटलं, विद्यार्थ्यांबरोबर आपणही ऐकू. पहिला तुकडा सुरू होऊन मिनिट झालं नसेल तोच मालक दारात उभे. ते मूळचे रसायनशास्त्राचे, त्यामुळे संगीताविषयी त्यांचं मत ठाम होतं.

"सर, पलीकडं फिजिक्स चालू हाय," ते हळू आवाजात म्हणाले. "पोरं नीटची हायेत. आवाज चालत न्हाई इथं. अन् पेपरात काय गाणं वाजणार हाय का?"

मधली भिंत प्लायवूडची होती आणि मुद्दा बिनतोड. मी स्पीकर बंद केला. त्या दिवसापासून आम्ही पाश्चात्त्य संगीताचा इतिहास कुजबुजत शिकलो.

आता इतिहास म्हणजे काय, तर ट्रिक. कालखंडांचा क्रम लक्षात राहावा म्हणून मालकांनीच एक वाक्य करून दिलं: मामा रेड्यावर बसून क्लासला रोज विनाकारण येतो. म्हणजे मध्ययुग, रेनेसाँ, बरोक, क्लासिकल, रोमँटिक, विसावं शतक. तिकडं लोकांनी यासाठी हजार वर्षं घालवली, आम्ही मामाला रेड्यावर बसवून मोकळे झालो. प्रत्येक कालखंडाची ओळख मी एकेका ओळीत बसवली. सगळे एका सुरात गात असतील तर मध्ययुग. चार गळे चार वाटांनी चालले तर रेनेसाँ. नक्षीकाम फार असलं की बरोक. इस्त्रीच्या शर्टासारखं नीटनेटकं असलं की क्लासिकल. ऐकवत नसेल तर विसावं शतक. आणि डोळ्यांत पाणी आलं की रोमँटिक. ही शेवटची ओळ माझी स्वतःची, आणि तिचा मला अभिमान होता.

वर्गात नांदेडजवळच्या अर्धापूरच्या एक ताई होत्या. खाजगी शाळेत बिनभरवशाची नोकरी, दोन लेकरं, आणि जयंतीच्या दिवसांत नवऱ्याबरोबर गायन पार्टी. नवरा ढोलकीवर, या हार्मोनियमवर. गळा असा की माईक नसला तरी मागच्या माणसापर्यंत पोचावा. वयाची अट पाहता ही त्यांची शेवटची भरती होती. पुढच्या वेळी अर्जच घेतला नसता कुणी. आम्ही नांदेडहून एकाच एसटीनं यायचो, त्या पुढं बायकांच्या सीटवर बसून माझ्या नोट्स पाठ करायच्या, आणि मला मागं बसून बरं वाटायचं.

फ्यूग नावाचा रचनाप्रकार आला त्या दिवशी त्यांनी हात वर केला. मी सांगत होतो की एक आवाज सूर धरतो, मग दुसरा तोच सूर मागून धरतो. बरोक, उत्तर ब.

"सर, हे कानाला कसं लागतं?" त्यांनी विचारलं.

प्रश्न साधा होता आणि मला उत्तर माहीत नव्हतं. ज्याला येत नाही त्या मास्तराचं एक हुकमी उत्तर असतं, ते मी दिलं: परीक्षेत हे विचारत नाहीत. घरी मोबाइलवर ऐकू का, असंही त्या म्हणाल्या. मी म्हटलं, उगीच गोंधळ होईल, नोट्सच करा. वर्गानं माना डोलावल्या. त्यांनीही वहीत लिहून घेतलं.

लेखी परीक्षेत त्या वरच्या नंबरात आल्या. मालकांनी चौकात फ्लेक्स लावला. त्यावर ताईंचा फोटो, माझा फोटो आणि दोघांहून मोठा मालकांचा. मौखिक परीक्षेची तयारी मालकांनी स्वतः घेतली. आत जाताना काय म्हणायचं, खुर्चीत कसं बसायचं, साडी कुठल्या रंगाची. नावात मौखिक होतं, म्हणजे तोंडी प्रश्न, हे आम्ही गृहीत धरलं होतं. विचारायचं कुणाला सुचलं नाही, कारण लातुरात आम्हाला सगळं माहीत असतं.

तिकडं परीक्षकांनी तीन तुकडे वाजवले आणि कालखंड ओळखायला सांगितले.

ताई त्यानंतर काही दिवसांनी नांदेडच्या बसस्थानकावर भेटल्या. यादी लागली होती, त्यांचं नाव नव्हतं. लेखीत मिळवलं ते सगळं त्या तीन तुकड्यांत गेलं. मी परीक्षकांना नावं ठेवायला सुरुवात केली, तर त्यांनी मला थांबवलं आणि मधला तुकडा कसा होता ते सांगायला लागल्या. एक सूर निघाला, मग दुसरा मागून तोच धरून आला, मग तिसरा. त्यांच्या पार्टीत कोरस झेलतो तसंच. ऐकता ऐकता त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. आणि पाणी आलं म्हणून त्यांनी रोमँटिक सांगितलं.

स्थानकाच्या त्या गोंगाटात त्यांनी मला तो सूर हळूच गुणगुणून दाखवला. एकदा ऐकलेला, पण पक्का. माझ्या अंगात मास्तर भिनलेला. मी म्हणालो, रोमँटिकच आहे ताई, तुमचं बरोबर होतं, तेच चुकले.

"न्हाई सर. बरोक हाय," त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, आणि तेच मला जास्त लागलं. "निघताना मी इचारलं परीक्षकांना, त्यांनी नाव सांगितलं. मग घरी मोबाइलवर लावून लई बार ऐकलं. तुम्ही ऐकलंय का हो कधी?"

मी हो म्हणालो.

त्यांनी माझ्याकडं पाहिलं आणि मान डोलावली, वर्गात डोलवायच्या तशीच. मग अर्धापूरची गाडी लागली. नोकरी मी घालवली त्यांची, आणि वर एक साधं 'नाही' मला म्हणता आलं नाही.