‘पर्यंत’चा रिकामा रकाना

मोघे साहेबांची आणि माझी पहिली भेट चंदिगडला आमच्या सेक्टर सत्तेचाळीसच्या क्वार्टरमध्ये झाली. खांद्याला लॅपटॉपची बॅग अडकवून ते दारात उभे होते. मी म्हटलं, "या, बसा, पाणी घ्या." ते म्हणाले, "मावशी, आधी प्लगपॉइंट कुठे आहे?" पाण्याआधी वीज मागणारा पाहुणा मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला. त्यांच्या साठीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथात दोन शब्द सांगण्याचा मान इथल्या मराठी मंडळाने मला दिला आहे. सांगण्याचा म्हणते, कारण मी अक्षर शिकले नाही. लिहून घेते आहे माझी सून, आणि मी केलेली थट्टा गाळायची नाही अशी तिला ताकीद आहे.

श्री. सदानंद मोघे हवाई दलाच्या तांत्रिक शाखेतून निवृत्त झाले आणि चंदिगडला लागून असलेल्या पंचकुल्याला घर घेऊन राहिले. आपल्याकडे असं फार कोणी करत नाही. चंदिगडात मराठी माणूस बदलीने येतो, पराठ्याची सवय लागेपर्यंत राहतो आणि बदलीनेच जातो. उपचारासाठी इथल्या मोठ्या इस्पितळात आलेली साताऱ्या-सोलापुराकडची मंडळी मात्र वर्षभर येतच असतात. त्यांना उतरायला आपलं घर लागतं. कोणाकडे वरची खोली मोकळी आहे, कोणाकडे गाडी आहे, कोणाचा रक्तगट कोणता, हे सगळं मी तोंडपाठ सांगत असे. मंडळाला फोन आला की मंडळ मला फोन करी. पण माझ्या मुलाची बदली केव्हाही येणार होती. मी गेले की ही सगळी घरं माझ्या डोक्याबरोबर जाणार, याची मला धास्ती होती.

मंडळातल्या मुलांनी या कामासाठी मोबाईलवर ॲप केलं होतं, पण ते पोकळच होतं. मोघे साहेब म्हणाले, "मावशी, ॲप म्हणजे दुकानाचं काउंटर. माल मागच्या कोठीत लागतो. त्या कोठीला डेटाबेस म्हणतात."

"म्हणजे आजवर ती कोठी मीच होते म्हणा की."

"होय. आणि तुमचा बॅकअप नाही."

इतकं खरं इतक्या शांतपणे तोंडावर सांगणारे हे गृहस्थ. मंडळाच्या खोलीतल्या जुन्या कॉम्प्युटरवर त्यांनी डेटाबेस इन्स्टॉल केला. आमचे सेक्रेटरी दिघे म्हणाले, "पासवर्ड सोपा ठेवा जी, स्क्रीनवरच चिकटवून टाकू." साहेबांनी आधी चष्मा पुसला. लोकांचे फोन नंबर आणि रक्तगट म्हणजे नोटीसबोर्ड नव्हे, असं सांगून त्यांनी प्रत्येकाला वेगळा पासवर्ड दिला. कोणी फक्त बघायचं, कोणी बदल करायचा, हेही ठरवलं. मला बघायची परवानगी मिळाली. मी म्हटलं, "वाचता न येणारीला बघायची परवानगी! तुमची उदारता थोर आहे." त्यावर ते हसले नाहीत. दर बुधवारी दुपारी येऊन त्यांनी नोंदी मला मोठ्याने वाचून दाखवायला सुरुवात केली, आणि मी सांगेन तशी दुरुस्ती केली. माझ्यासाठी परवानगीचा अर्थ त्यांनी असा लावला.

त्यांचंही एकदा चुकलं, आणि तेच मला सर्वांत आवडलं. आपण बदलीची माणसं एकमेकांना घरावरून ओळखतो: कॉर्नरच्या क्वार्टरच्या काकू, गेटाजवळचे भाऊ. साहेबही त्यातलेच, म्हणून त्यांनी क्वार्टरचा नंबर हीच माणसाची ओळख धरली. उन्हाळ्यात बदल्या झाल्या. कुलकर्णी आसामला गेले आणि त्यांच्या क्वार्टरमध्ये पवार आले. नव्या पवारांनी नाव घातलं, ते कुलकर्ण्यांच्या जागी बसलं, पण मुलांची नावं जुनीच राहिली. मंडळातून पवारांच्या नव्या नवरीला फोन गेला, "वहिनी, तुमच्या मुलाला बारावीला किती पडले?" तिच्या हातावरची मेंदी अजून उतरली नव्हती! ती बिचारी नवऱ्याकडे बघत राहिली, आणि नवरा घामाघूम.

दिघ्यांनी मुलांच्या ॲपवर खापर फोडायला सुरुवात केली. साहेब सभेत उठून म्हणाले, "चूक माझी आहे. मी घरालाच माणूस समजलो." त्यांनी सगळी मांडणी मोडली आणि नव्याने केली. माणसांचं टेबल, म्हणजे तक्ता, वेगळं, घरांचं वेगळं. प्रत्येक माणसाला स्वतःचा एक नंबर दिला, बदली झाली तरी न बदलणारा. तिसऱ्या टेबलात कोण कोणत्या घरात कधीपासून कधीपर्यंत, एवढंच. जो अजून राहतो आहे, त्याच्या ‘पर्यंत’चा रकाना रिकामा.

दिघे म्हणाले, "मग गेलेल्यांची नावं डिलीट करू या ना! जागा कशाला अडवायची?"

"बदली झाली म्हणून माणूस पुसायचा नसतो, दिघे. कुलकर्ण्यांचा रक्तगट आसामातही तोच आहे."

मी पदर तोंडाला लावला. हसू आलं होतं, असं सर्वांना वाटलं.

बॅकअपची तर त्यांनी परीक्षाच घेतली. आमच्यादेखत सगळ्या नोंदी पुसल्या. दिघे चहा सोडून उठलेच. मग घरी ठेवलेली प्रत लावून एकेक नाव परत आणलं. म्हणाले, "प्रत ठेवली म्हणजे काम झालं नाही, ती परत येते का ते बघावं लागतं." मला हे लगेच पटलं. शेजारच्या कौरजींकडे मी विरजणाची वाटी ठेवते, ती याचसाठी. माझं बिघडलं तर त्यांच्याकडून आणते. फक्त मी माझं दही मुद्दाम सांडून बघत नाही.

मग मी एका लग्नाला साताऱ्याला गेले. माझ्या मागे इकडे कराडचं एक कुटुंब पेशंट घेऊन आलं. चंदिगडजवळच्या मुल्लानपूरला नव्या सोसायटीत त्यांच्याच तालुक्यातल्या माणसांचं घर ॲपवर निघालं, आणि पेशंटची आई त्या रात्री ओळखीच्या बोलीत जेवली. मला कोणी फोनच केला नाही! परत आल्यावर कळलं तेव्हा आधी राग आला. त्या रात्री मात्र फार दिवसांनी गाढ झोप लागली.

आता मुलाची ऑर्डर आली आहे, नागपूरची. मागच्या बुधवारी साहेब आले, नेहमीसारखे वाचू लागले आणि माझ्या नावाशी थांबले. मीच म्हटलं, "घाला तारीख, लाजता कसले?"

"घरापुढे घालावी लागेल, मावशी. तुमच्या नावापुढे तो रकानाच केलेला नाही."

मोघे साहेब, माझ्या आशीर्वादाला पासवर्ड लागत नाही. हात-पाय धड राहोत, चष्म्याचा नंबर आहे तेवढाच राहो, वहिनींच्या हातचं थालीपीठ तुम्हाला पचत राहो. पंचकुल्याच्या तुमच्या घरापुढे ‘पासून’ कधीचंच भरलेलं आहे. ‘पर्यंत’चा रकाना मात्र खूप खूप वर्षं रिकामाच राहो. आणि बुधवारी दुपारी नागपूरला फोन करा. नवी नावं कोणती आली, ते मला वाचून दाखवायचं आहे तुम्हाला.