वळणावर चढणारी रेस

आमच्या वर्कशॉपमध्ये बर्फावर चालणाऱ्या गाड्या दुरुस्त होतात आणि वर्कशॉप गाझियाबादला आहे. हे ऐकून लोक हसतात. हसावंच. पुढे दोन स्की, मागे दात असलेला रुंद रबरी पट्टा, वर स्कूटरसारखं हँडल आणि उजव्या अंगठ्याने दाबायची रेस, अशी ती गाडी असते. ती उन्हाळ्यात ट्रकमधून आमच्याकडे येते, हिवाळ्याच्या तोंडावर परत पहाडात जाते, आणि मधल्या काळात आमच्या अंगणात धुरळा खाते. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच. मी पुण्यात मेकॅनिकल शिकले, लग्न होऊन दिल्लीला आले, आणि इतकी वर्षं या गाड्यांची इंजिनं खोलूनसुद्धा त्यांतली एकही मी बर्फावर चालवलेली नाही.

त्या नोव्हेंबरात मी नुकती कामावर परतले होते. माझं बाळ आठव्या महिन्यात पोटातच गेलं. मुलगी होती. डॉक्टरांनी विश्रांती सांगितली होती, पण मयूर विहारच्या दोन खोल्यांत विश्रांती म्हणजे शेजारणींनी आणलेला हलवा खायचा आणि ‘भगवान की मर्ज़ी’ ऐकायची. देवाची मर्जी इतकी ठाऊक असलेल्या बायका एकाच सोसायटीत कशा जमल्या, कोण जाणे. मला रडू येत नव्हतं. रागही येत नव्हता. दाढ काढायला इंजेक्शन देतात तेव्हा गाल आपला वाटत नाही, तशी मी सगळीच्या सगळी झाले होते. भूक लागायची, जेवायचे, झोप यायची, झोपायचे.

नवरा केंद्र सरकारच्या नोकरीत आहे. हॉस्पिटलातून बाळाला पुरायला घेऊन तो आणि त्याचा एक मित्र गेले होते. मला टाके होते, मी पलंगावर होते. तिकडे काय झालं ते मी विचारलं नाही, त्यानेही सांगितलं नाही. त्यानंतर आम्ही एकमेकांशी फार नीट वागायला लागलो. तो म्हणायचा, “चहा टाकू?” मी म्हणायचे, “बिल्कुल.” भांडणसुद्धा होत नव्हतं. आमच्यासारख्या दोघांत भांडण न होणं हे काही चांगलं लक्षण नव्हे.

तर अशात हिमाचलातल्या एका दवाखान्याची गाडी आमच्याकडे उभी होती. तिचा चालक तिला न्यायला स्वतः खाली आला होता. तिशीतला, गालांवर उन्हाने भाजल्याचे लाल डाग, आणि गाझियाबादच्या हवेने सारखा खोकणारा. त्याची तक्रार एकच होती, “मॅडम, रेस छोड़ दो, तब भी भागती है.”

या गाडीत त्याचा अर्थ साधा नसतो. अंगठा काढला की इंजिन मंद व्हायला हवं. ते मंद असलं की त्याची ताकद मागे नेणारा आतला पट्टा पकड घेत नाही आणि गाडी जागच्या जागी घरघरत उभी राहते. इंजिन चढं राहिलं तर पट्टा पकडतो आणि गाडी कुणी न सांगता पुढे निघते. या गाडीच्या मागे घसरगाडी बांधून आजारी माणसं खाली नेतात. माणूस चढवताना इंजिन बंदही करता येत नाही, कारण त्या थंडीत ते पुन्हा सुरू होईल याचा भरवसा नसतो. म्हणजे ती उभी राहायलाच हवी.

आमचे मिस्त्री अनुभवी आणि तोंडाने गोड. त्यांनी गाडी शेडमध्ये स्टँडवर चढवली, सुरू केली, कान देऊन ऐकलं आणि रेसचा स्क्रू थोडा ढिला केला. इंजिन मऊ वाजायला लागलं. “लो जी, मक्खन!” ते म्हणाले. चालक म्हणाला, मागच्या वर्षीही असंच मक्खन वाजत होतं. मिस्त्रींनी स्क्रू आणखी ढिला केला. आता इंजिन धापा टाकत बंद पडायच्या बेताला आलं. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. मी म्हटलं, स्क्रूला हात लावू नका, मी बघते.

“मॅडम, आप आराम से बैठिए ना,” मिस्त्री म्हणाले. मी परत आल्यापासून सगळे मला असंच वागवत होते, काचेचं भांडं उचलून फळीवर ठेवावं तसं. मला त्याचा संताप यायला हवा होता. तोही आला नाही. मी हातमोजे घातले.

इंजिन चढं चालायची कारणं मोजकी असतात. कुठून तरी जादा हवा आत जात असते, चोक पुरता बंद होत नसतो, किंवा रेसची केबल ताणलेली राहते. कार्ब्युरेटर आणि इंजिन यांच्यामधल्या रबरी नळ्यांवर मी स्प्रे मारून पाहिला. तडा असता तर आवाज बदलला असता. बदलला नाही. चोक ठीक होता. केबलला हवी तेवढी ढील होती. मी पुन्हा पहिल्यापासून सगळं तपासलं, पुन्हा सगळं ठीक निघालं.

चालक शेजारी उकिडवा बसून बघत होता. बघता बघता बोलायला लागला. म्हणाला, खिंड बंद झाली की गावातून रस्त्यापर्यंत हीच एक गाडी. म्हणाला, जानेवारीत त्याच्या बायकोचं आहे, पहिलंच, आणि डॉक्टरांनी सांगितलंय की गावात थांबवू नका, कळा सुरू झाल्या की खाली आणा. “मैं ही चलाऊँगा मॅडम, वो पीछे लेटी होगी.”

मिस्त्री जोरात खाकरले. त्यांनी त्याला डोळ्यांनी दटावलं आणि पाना शोधायच्या निमित्ताने उठवायला बघितलं. तो बिचारा गोंधळला. मी म्हटलं, “बोलने दीजिए.” मला वाटलं होतं, आता तरी छातीत काही हलेल. काही हललं नाही. तो बाळाच्या लोकरीच्या टोपीबद्दल सांगत होता आणि मी केबलची ढील पुन्हा बोटाने चाचपत होते. स्वतःचीच थोडी भीती मात्र वाटली.

मी त्याला विचारलं, गाडी नक्की कुठे पळते? सरळ रस्त्यावर की उतारावर?

तो विचार करून म्हणाला, “पुल के पास. जहाँ बाएँ मुड़ते हैं.” मग पुन्हा विचार करून म्हणाला की देवळापाशीही पळते. तिथेही डावीकडेच वळायचं असतं.

मी हँडलकडे बघितलं. आमची शेड अरुंद. दोन्ही बाजूंना सुट्या भागांचे लोखंडी रॅक, मधल्या बोळात गाडी. हँडल वळवायचं म्हटलं तर चार बोटांत रॅकला लागतं. इतकी वर्षं आम्ही प्रत्येक गाडी तिथेच, हँडल सरळ ठेवून, जुळवत आलो होतो. बर्फ नाही, रस्ता नाही, वळण नाही. गाझियाबादमध्ये ही गाडी कधी वळलेलीच नव्हती.

गाडी अंगणात आणली, मागची बाजू पुन्हा स्टँडवर घेतली, म्हणजे पट्टा हवेत राहिला. इंजिन सुरू केलं. मंद, धापा टाकतच. मी रेसवरून हात काढून घेतले आणि हँडलच्या फक्त टोकाला धरून ते डावीकडे नेलं, पार शेवटपर्यंत. इंजिन किंचाळलं. मागचा पट्टा हवेत गरागरा फिरायला लागला. सरळ केलं, शांत. पुन्हा डावीकडे, पुन्हा तेच.

चालकाने दोन्ही हात डोक्यावर ठेवले.

आधीच्या वर्षी केबल बदलताना आमच्याच कुणीतरी ती हँडलच्या दांड्याच्या चुकीच्या बाजूने नेली होती. सरळ असताना पुरायची, डावीकडे वळलं की ताणली जायची आणि रेस आपोआप द्यायची. मी ती काढली, योग्य बाजूने ओवली, ढील ठेवली, मिस्त्रींनी ढिला केलेला स्क्रू जागेवर आणला. मग डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे, कंटाळा येईपर्यंत हँडल फिरवलं. आवाज हलला नाही. चालकाला म्हटलं, आता तू फिरव. तो बराच वेळ फिरवत राहिला. दुसऱ्या दिवशी गाडी ट्रकवर चढून गेली. शेडमधले रॅक मी मागे सरकवून घेतले, तेव्हा मिस्त्रींनी एका शब्दाने कुरकुर केली नाही.

घरी नवऱ्याने विचारलं, दिवस कसा गेला. मी म्हटलं, “ठीक.” तो म्हणाला, “अच्छा.”

जानेवारी संपत आला होता. रविवारी आम्ही दोघं बाल्कनीतल्या उन्हात मटार सोलत बसलो होतो. फोन वाजला, हात भरलेले म्हणून मी तो कोपराने स्पीकरवर टाकला.

“मॅडम, बेटी हुई है! दोनों ठीक हैं!” चालक ओरडून बोलत होता, जणू आवाज डोंगरावरून थेट यायचा होता. कळा पहाटे सुरू झाल्या. बायकोला घसरगाडीवर निजवून बांधेपर्यंत गाडी जिथे उभी केली तिथेच उभी राहिली. पुलापाशी अंगठा काढला आणि ती गपचूप मंद झाली. “मुड़ी और भागी नहीं, मॅडम.” मी म्हटलं, फार चांगलं झालं. मला खरंच बरं वाटलं, पण ते दुसऱ्या कुणाला तरी बरं वाटल्यासारखं वाटलं.

मग म्हणाला, ही बोलायचं म्हणतेय. एक दमलेला, बारीक आवाज आला. तिने आभार मानले. मग, बायका विचारतातच तसं, तिने विचारलं, “दीदी, आपके कितने बच्चे हैं?”

‘नहीं हैं’ हे उत्तर माझ्या तोंडात तयार असायचं. टॅक्सीवाल्यांना, नवीन शेजाऱ्यांना, सगळ्यांना मी तेच द्यायचे. पण ही ज्या वाटेने खाली आली ती मला आता बोटांनी पाठ होती, आणि तिच्याशी खोटं बोलवेना. मी म्हटलं, “एक बेटी थी. रही नहीं.”

नवऱ्याचे हात थांबले. पलीकडे बाळ कुरकुरलं, तिने त्याला थोपटल्याचा आवाज आला. मग ती हळूच म्हणाली, “क्या नाम था उसका?”

मी काय सांगणार? आमच्यात नाव बारशाला ठेवतात. तिचं कसलं बारसं! मी ‘नाम नहीं था’ म्हणायला तोंड उघडलं, तेवढ्यात नवरा फोनकडे वाकला आणि त्याने एक नाव सांगितलं. सावकाश, स्पष्ट, शाळेत मुलाचं नाव घालताना सांगावं तसं. पलीकडे तिने ते नाव एकदा म्हणून बघितलं आणि म्हणाली, बहुत सुंदर है.

फोन बंद झाल्यावर मी त्याला विचारलं, “कधी ठेवलंस?”

“त्याच दिवशी,” तो म्हणाला. “खाली ठेवायच्या आधी माझ्या हातात होती ना यार. काहीतरी हाक मारायला हवी होती.”

मटारांचं ताट माझ्या मांडीवरून घसरलं. मी ते नाव मोठ्याने घेतलं आणि रडायला लागले.