नको झालेले उंदीर

न्हावऱ्याच्या मल्हारच्या वाडवडिलांनी मेंढरं राखली, मल्हारनं उंदीर राखले. हसू नका! कारेगावजवळच्या एका प्रयोगशाळेत बिस्किटांचे रंग, सरबतांचे वास, लोणचं टिकवायची पावडर, सगळं आधी उंदरांना चारून बघायचे. त्यांचं दाणापाणी करायचं, भुस्सा बदलायचा, आणि चाचणी संपली की गॅसच्या पेटीत घालून मारायचं, ही मल्हारची नोकरी.

आईला, गिताबाईला, हे कधी पटलंच नाही. "आपण राखलेलं आपल्या हातानं मारायचं न्हाई रं," ती म्हणायची. मल्हार तोंड पाडून सांगायचा, "आये, लेकरांच्या पोटात इख जाऊ नये म्हून मरत्यात ती." एवढ्या एका वाक्यावर गड्यानं इतकी वर्षं झोप काढली.

यंदा नवी पद्धत आली. माणसाच्या पेशी काचेच्या ताटलीत वाढवायच्या, त्यांच्यावर रसायन सोडायचं, पुढचं कॉम्प्युटर सांगणार. जास्त नेमकं कळतं म्हणे, आणि जीवही जात नाही. प्रयोगशाळेच्या प्रमुख तेजश्री मॅडम स्वतः पेढे वाटत आल्या. मल्हारला आभाळ ठेंगणं झालं.

"मग पिंजऱ्यातल्यांचं काय करायचं, मॅडम?" त्यानं विचारलं.

मॅडमचा चेहरा उतरला. "त्यांची चाचणी अर्ध्यातच रद्द झाली. ठेवता येत नाहीत आणि बाहेरही सोडता येत नाहीत."

"मी नेतो की घरी! दाणापाणी माझं."

"अहो मल्हार, त्यांच्या पोटात गेलेल्या रंगानं काय होतं, ते अजून आपल्यालाच माहीत नाही. नियम आहे. आजच उरका."

काय करणार? नोकरदार माणूस. मेंढरांना घालतात तशी त्यानं बारीक शीळ घातली, तशी सगळी जाळीशी गोळा झाली, खायला मिळणार म्हणून. त्यानं त्यांना पोटभर चारलं, भुस्साही बदलला. कशाला बदलला, त्याचं त्यालाच कळेना. मग एकेकाला उचलून पेटीत ठेवलं. हातात त्यांचं काळीज धडधडत होतं.

तो घरी आला तेव्हा गिताबाई भाकरी थापत होती. नव्या पद्धतीची बातमी गावभर झालेली. "सुटलास रं माझ्या लेकरा!" म्हणत तिनं ताट पुढं सारलं.

मल्हारनं ताटाला हात लावला नाही. भिंतीला टेकून तो ढसाढसा रडला.

"आये," तो म्हणाला, "आज मारली ती कुनासाठीच न्हाईत."