दोन रेघांखालचा ता. क.

अप्पांचं पत्र रविवारी सकाळी जायचं. थंडीच्या दिवसांत नदीवरचं धुकं उशिरापर्यंत हलायचं नाही आणि आमच्या खिडकीतून समोरची झाडंसुद्धा दिसायची नाहीत. मॉडेम किरकिर करायचा, गप्प व्हायचा, आणि पत्र निघायचं. ते कुठल्या वाटेनं कुठे जातं हे मला कॉम्प्युटरच्या धंद्यामुळे नीट ठाऊक होतं. तरी दर वेळी वाटायचं, ते त्या धुक्यातून पायीच निघालं आहे. आज इतक्या वर्षांनी आठवतानाही मला ते चालतानाच दिसतं.

नव्वदच्या दशकाची शेवटची वर्षं होती. घराच्या पुढच्या खोलीत माझं छोटंसं ऑफिस होतं. कोपऱ्यातलं जुनं मशीन दिवसातून काही वेळा फोन लावायचं, साठलेली पत्रं पाठवायचं आणि आलेली उतरवून घ्यायचं. त्यावर मी अप्पांच्या विद्यार्थ्यांसाठी एक मेलिंग लिस्ट उभी केली होती. एका पत्त्यावर पत्र टाकलं की यादीतल्या सगळ्यांना पोचायचं. अप्पा म्हणजे माझे वडील. त्यांनी जन्मभर सटाण्याच्या शाळेत मराठी शिकवलं आणि निवृत्त झाल्यावर नाशिकला माझ्याकडे राहायला आले. त्यांची मुलं पुण्यापासून अमेरिकेपर्यंत पांगलेली होती. लिस्ट चालवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या नावाचा अर्थ मोठ्या घरचा कारभारी असा काहीतरी होता, म्हणून आम्ही त्याला कारभारीच म्हणायचो. कारभाऱ्याला इंग्रजीत एका शब्दाची आज्ञा दिली की तो मुकाट्यानं कामाला लागायचा. असा माणूस घरात असावा, असं अप्पा म्हणायचे आणि माझ्याकडे बघायचे.

त्या वेळी मराठी पत्र रोमन लिपीत लिहावं लागे. अप्पांना ते मुळीच मान्य नव्हतं, पण दुसरा इलाज नव्हता. दोन बोटांनी ते एकेक अक्षर शोधत, आणि प्रत्येक शब्दाखाली कॉम्प्युटर लाल रेघ मारी. "आयुष्यभर मी दुसऱ्यांच्या वह्यांत लाल रेघा मारल्या," ते म्हणत, "हे आता सगळं वसूल करतंय." मी ती इंग्रजी स्पेलिंगची तपासणी बंद करून देते म्हटलं, तर नको म्हणाले. त्यांना भांडायला कुणीतरी हवंच असायचं.

पत्राखाली आधी दोन आडव्या रेघा, मग नाव, ही लिस्टवरची रीत मी त्यांना शिकवली. ती त्यांनी पाळली. फक्त नावाखाली ते ता. क. लिहीत. ता. क. नसलेलं पत्र त्यांना बिनमिठाच्या भाजीसारखं वाटे. मुख्य पत्रात हवापाणी, बाजारात आलेली द्राक्षं, व्याकरणावरचा एखादा वाद. खरं सांगायचं ते ता. क.मध्ये.

ते कुणाला सांगायचं असायचं, हे फक्त मला माहीत होतं.

माझ्या थोरल्या बहिणीनं स्वतःच्या पसंतीनं लग्न केलं. अप्पांनी ते मानलं नाही आणि ती नवऱ्याबरोबर परदेशी निघून गेली. त्यानंतर दोघांत एक शब्द नाही. त्याआधी ताई आणि अप्पा एकमेकांशी अहिराणीत बोलायचे. आई गेल्यावर तर ती त्या दोघांचीच भाषा झाली होती. मी लहानपणापासून मामाकडे नाशिकला शिकले, मला ती समजते पण बोलता येत नाही. ताई गेली आणि आमच्या घरातली अहिराणी बंद पडली. अप्पा माझ्याशी पुस्तकातल्यासारखं शुद्ध बोलत राहिले. मला ते फार लागायचं.

एका दुपारी कारभाऱ्यानं मला नेहमीसारखं कळवलं की यादीत एक नवं नाव आलं आहे. ते ताईचं होतं. मी अप्पांना सांगितलं. ते पेपर वाचत होते, त्यांनी पान उलटलं. पण त्या रविवारी ता. क. आला: ज्यांना दम्याचा त्रास आहे, त्यांनी थंडीत कान झाकून घ्यावेत. पुढच्या वेळी: ज्यांना नागलीच्या पापडांची आवड आहे, त्यांनी कळवावे, येणाऱ्या-जाणाऱ्याबरोबर पाठवता येतील. दमा ताईला होता आणि पापडही ताईलाच लागायचे. विद्यार्थ्यांना वाटायचं, सर किती काळजी करतात. ताईचं उत्तर कधी आलं नाही. अप्पा कधी विचारायचे नाहीत, फक्त रविवारी संध्याकाळी एकदा पुढच्या खोलीत डोकावून जायचे, काहीतरी विसरल्यासारखे.

पुढे जुनं मशीन थकलं. सुरू होताना घरघरायचं, दिवे गेले की परत उठायला तयार नसायचं. मी दूर देशातल्या एका सर्व्हरवर भाड्यानं जागा घेतली, तिथे नवं सॉफ्टवेअर बसवलं आणि यादी हलवायला घेतली. सगळे पत्ते नेले, जुनी पत्रं क्रमानं नेली, चाचणीची पत्रं स्वतःलाच पाठवून पाहिली. जुन्या मशीनची वायर काढली तेव्हा खोली एकदम शांत झाली. अप्पा दारात उभे होते. "गेला का कारभारी?" म्हणाले.

नव्या सॉफ्टवेअरबरोबर एक चाळणी आली होती. पत्राखाली येणाऱ्या जाहिराती आणि लांबलचक सह्यांना सगळेच कंटाळले होते, म्हणून दोन रेघांखालचं सगळं ती कापून टाकायची. जाहिराती गेल्या, सगळे खूश झाले. नावाच्याही खाली कुणी काही लिहीत असेल हे चाळणी बनवणाऱ्याच्या ध्यानीमनीही नसावं, त्यानं मराठी पत्र पाहिलं असतं तर ना. अप्पा आपलंच पत्र परत वाचायचे नाहीत, आणि मी ते लिहिलं जातानाच त्यांच्या खांद्यावरून वाचलेलं असायचं. त्यामुळे घरात कुणाला पत्ता लागला नाही. विद्यार्थीही काही बोलले नाहीत.

मग एका सकाळी लिस्टवर एका ओळीचं पत्र आलं. ताईचं, अहिराणीत. "अप्पाना ता. क. काबर नही? अप्पा बरा शेतस ना?"

मी त्यांना हाक मारली. चष्मा पुसून त्यांनी ती ओळ वाचली, मग खुर्ची ओढून बसले आणि परत वाचली. मी चाळणी शोधून काढली, काय झालं ते त्यांना सांगितलं. त्यांचं लक्ष नव्हतं.

"हे सगळ्यांना गेलं?" त्यांनी विचारलं.

"हो, सगळ्यांना. तुम्ही तिला एकटीला लिहा, मी तिचा पत्ता देते."

"नको. इतके दिवस सगळ्यांच्या देखत लिहिलं, आता चोरून कशाला?"

मी चाळणी काढून टाकली. ते टाइप करू लागले. सप्रेम नमस्कार. मग सवयीनं दोन रेघा, नाव. मधे काहीच नाही, हवापाणी नाही, द्राक्षं नाहीत. नावाखाली येऊन त्यांनी खुर्ची आणखी पुढे ओढली. बाहेर धुकं होतं, खिडकी पांढरी झाली होती.

ज्यांना, त्यांनी, असं त्यांनी काही लिहिलं नाही. लिहिलं ते असं: "ता. क. मी बरा शे. तू कशी शे?"

नेहमीप्रमाणे शब्दाशब्दाखाली लाल रेघ उमटली. फक्त ते 'शे', म्हणजे आपलं 'आहे', दोन्ही ठिकाणी तसंच राहिलं, कारण रोमन लिपीत ते she होतं, इंग्रजीतली 'ती'. अप्पांनी त्यावर बोट ठेवलं आणि माझ्याकडे पाहिलं. "धाड आते," ते मला म्हणाले, अहिराणीत.