निळ्या काचेतून दिसलेला माणूस

भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता. सुरतच्या उधन्यातल्या एका छोट्या स्टील फाउंड्रीत मी सेफ्टी बघतो. जे मोजता येतं तेच खरं, असा माझा स्वभाव.

गोष्ट लाभपाचमीची. दिवाळीच्या सुट्टीनंतर सुरतेतले कारखाने त्या दिवशी मुहूर्ताने उघडतात. भर दुपार होती. भट्टीत पोलाद वितळून तयार होतं. समोर लेडल, म्हणजे भट्टीतला रस ज्यात ओततात ते मोठं भांडं. शेठनी त्याच्याच काठावर नारळ फोडला. पाणी आत सांडलं... सगळ्यांनी हात जोडले. मीसुद्धा.

भट्टी कलती करायच्या लिव्हरवर माझा मेहुणा ज्ञानेश्वर होता. बायकोचा एकुलता एक भाऊ. धुळ्याहून मीच त्याला इथे आणलेला.

"शेठ, लेडल अजून थोडं तापवू या," मी म्हणालो.

"अरे भाई, गरम ज छे! मुहूर्त जतुं रहेशे." मुहूर्त टळेल म्हणून शेठना घाई.

ज्ञानेश्वर हसला. "दाजी, तुम्ही तर चहासुद्धा थर्मामीटर लावून प्याल!"

रस बघायला मी निळी काच डोळ्यांसमोर धरली. त्या काचेतून फक्त वितळलेला धातू दिसतो, बाकी सगळा काळोख. पण लेडलपाशी एक माणूस उभा होता... एप्रन नाही, हेल्मेट नाही. तोंड ज्ञानेश्वरकडे, एक हात वर उचललेला. काच खाली केली — कोणी नाही. पुन्हा धरली. आता तो माझ्याकडे बघत होता.

"न्याना, थांब! लिव्हर सोड!" माझा आवाज मलाच ओळखू आला नाही.

शेठ भडकले. जे दिसलं ते मी बोललो नाही, लेडल तपासायचंय एवढंच म्हणालो. आत बर्नर लावला, तशी तळाच्या भेगेतून फुसफुसत वाफ निघायला लागली. नारळाचं पाणी लेडलच्या आतल्या विटांच्या अस्तरात मुरलं होतं. त्यावर रस पडला असता तर स्फोटच... आणि सगळ्यांत जवळ ज्ञानेश्वर. शेठनी स्वतःच बर्नर चालू ठेवायला सांगितलं.

आता नारळ गेटवर फुटतो, आणि लेडल लालभडक झाल्याशिवाय भट्टी कलत नाही.

वाफेचं कारण मला कळतं. पण त्या काचेतून माणूस दिसायचा तर त्याचं अंग रसाइतकं तापलेलं हवं — सोळाशे अंश! आणि तो उचललेला हात... तो ज्ञानेश्वरला थांबवत होता, की बोलावत होता? पुष्कळ आठवून पाहिलं. नाही सांगता येत.