सशासाठी काडतूस

माण तालुक्यातल्या माझ्या सासुरवाडीत दर रविवारी सशाची शिकार ठरत असे. बंदूक ठरलेली, माळ ठरलेला, ससाही बहुधा ठरलेलाच. ठरत नसे ते एवढेच, की त्याला कोणत्या काडतुसाने मारायचे. हा प्रश्न कित्येक वर्षे असाच लोंबकळत होता आणि तो तसा लोंबकळत राहण्यातच सर्वांचे हित होते, हे माझ्या फार उशिरा ध्यानात आले. तोवर मी तो सोडवून टाकला होता.

माझे सासरे सैन्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झाले. आता त्यांनी ऐंशी ओलांडली आहे. पिकाच्या राखणीच्या परवान्यावर त्यांच्याकडे एक जुनी पॉइंट टू-टू रायफल आहे. ही अगदी बारीक गोळीची बंदूक. तिच्या काडतुसाच्या बुडाच्या मध्यभागी ठोका बसत नाही, तो कडेवर बसतो, आणि तेवढ्यावर तित्तिर-ससा यांपलीकडचे जनावर पडत नाही. पडत नसे, असे म्हणायला हवे. कारण शिकारबंदीचा कायदा आला त्या दिवसापासून सासऱ्यांनी सजीवावर एकही गोळी झाडलेली नाही. हुकूम तो हुकूम. रायफलीला महिन्यातून एकदा तेल मिळते आणि कोणतीही निवडणूक लागली की ती पोलीस ठाण्यात जमा होते. माझ्या पत्नीच्या मते, त्या बंदुकीने माळापेक्षा पोलीस ठाणेच जास्त पाहिले आहे.

सासऱ्यांचे तरुणपणापासूनचे शिकारीतले जोडीदार म्हणजे लोणंदचे एक कांद्याचे व्यापारी. आम्ही सारे त्यांना चाचा म्हणतो. सासरे मात्र शेट म्हणतात. धंदा मुलांच्या हाती सोपवल्यापासून चाचा दर रविवारी एसटीने येत, ओसरीवर बसत, आणि चहाचा पहिला घोट घशाखाली उतरण्याआधी म्हणत, "मंग सुभेदार, शॉर्टच न्यायचं न्हवं?"

"शॉर्ट?" सासरे म्हणत. "ससा मारायचा हाय का त्येला गुदगुल्या करायच्यात?"

टू-टूच्या काडतुसांत एक आखूड असते आणि एक लांब. चाचा आखूडच्या बाजूचे होते, सासरे लांबच्या. आखूडचा आवाज टाळी वाजवल्याइतकाच होतो, त्यामुळे एक ससा पडला तरी शेजारचा चरतच राहतो, आणि मांसाची नासाडी होत नाही, असे चाचांचे म्हणणे. लांब काडतुसाची गोळी पल्ल्यावर सरळ जाते, ससा जागीच पडतो, जखमी होऊन घाणेरीच्या जाळीत तडफडत मरत नाही, असे सासऱ्यांचे.

"जखमी जनावर सोडणं ह्ये पाप हाय, शेट."

"पाप नेम चुकणाऱ्याचं. काडतुसाला कशाला बोल लावताय?"

"माजा नेम? आरं, पलटनीत इचारा माजा नेम!"

"पलटनीत ससं व्हतं व्हय?"

एकदा हा वाद ऐन रंगात असताना एक खराखुरा ससा ओसरीसमोरच्या मटकीत येऊन बसला. कान टवकारून त्याने दोन्ही पक्षांची बाजू ऐकली, मटकीचे शेंडे सावकाश खाल्ले आणि तो निघून गेला. दोघांपैकी एकानेही मान वळवली नाही. मी बोटाने दाखवायला गेलो तेव्हा सासरे म्हणाले, "थांबा वो पावणं, मुद्द्याचं बोलणं चाललंय."

त्याच वेळी मला समजायला हवे होते. मला समजले नाही, याचे कारण शोधताना मी बराच मागे गेलो आहे. मी सांगलीच्या एका महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवतो. लग्नाला पाव शतक उलटून गेले, पण या काळात सासऱ्यांनी माझ्याशी बोललेली वाक्ये एका वहीच्या पानावर मावतील. "सांगलीत पानी किती चढलंय?" हे पावसाळ्यातले. "हळदीला काय भाव?" हे उन्हाळ्यातले. हळदीशी माझा संबंध वरणापुरता. तरीही मी भाव विचारून ठेवत असे, कारण तेवढाच आमच्यातला पूल होता. अशा माणसाने एका रविवारी वादाच्या भरात माझ्याकडे वळून म्हटले, "पावणं, तुमी शिकल्यालं हाय. तुमीच सांगा, कुटलं काडतूस?"

प्रश्न आला की उत्तर शोधायचे, ही शिक्षकाच्या पेशाने मला लावलेली वाईट खोड आहे. काही प्रश्न उत्तरासाठी विचारलेले नसतात. पाहुण्याला पाट सरकवावा तसे ते आपल्याकडे सरकवले जातात. मी पाटावर बसायचे सोडून पाट मोजू लागलो.

सांगलीत माझा एक माजी विद्यार्थी नेमबाजीचा प्रशिक्षक आहे. त्याच्याकडे नेमबाजीचा परवाना, सुरक्षित मैदान, टू-टू रायफल आणि दोन्ही प्रकारची काडतुसे आहेत. कागदी सशावर दोन्ही काडतुसे तो स्वतः झाडून दाखवील, असे मी त्याच्याशी ठरवून आलो. घरी सांगितले तेव्हा पत्नी भाजी निवडत होती. तिने मान वर केली नाही.

"अहो, बाबांना उत्तर नकोय."

"त्यांनी मला स्वतः विचारले."

"ते तुम्हाला पाणी किती चढलंय तेही विचारतात. तुम्ही मोजपट्टी घेऊन कृष्णेत उतरता का?"

या वाक्यातले शहाणपण मला आज दिसते. त्या दिवशी मी ते हसण्यावारी नेले आणि दोन पुठ्ठ्यांवर एकच ससा काढायला बसलो.

ठरल्या दिवशी दोघेही सांगलीस आले. सासऱ्यांनी लग्नकार्यातला कोट घातला होता. चाचांनी नवी टोपी आणि डोळ्यांत सुरमा. रिक्षातून उतरेपर्यंत दोघे तावातावाने भांडत होते आणि दोघांची तब्येत उत्तम दिसत होती. माझ्या सशाकडे चाचांनी मान तिरकी करून पाहिले.

"पावणं, ह्ये काय हाय?"

"ससा."

"ह्ये गाढव हाय. गाढवाला लांबच काडतूस लागणार. सुभेदार, जावई तुमचा, ससा बी तुमचा!"

सासरे मोठ्याने हसले. त्यांना असे हसताना मी प्रथमच पाहत होतो, आणि त्या हसण्यात माझाही थोडा वाटा आहे, या समाधानात मी माझ्या विद्यार्थ्याला खूण केली.

लांब काडतुसांनी सशाच्या डोक्यात एकमेकांना लगटून भोके पाडली. त्या सगळ्यांवर एक रुपयाचे नाणे ठेवले असते तरी ती झाकली गेली असती. आखूड काडतुसांपैकी एकाने कान गाठला, एकाने पोट, एकाने शेपूट. एक पुठ्ठ्यालाच लागले नाही. मी दोन्ही पुठ्ठे आणून दोघांपुढे धरले आणि वर्गात म्हणावे तसे म्हणालो, "म्हणजे आता प्रश्नच उरला नाही."

खरेच उरला नाही. चाचांनी पुठ्ठा डोळ्यांजवळ नेला, परत दिला आणि म्हणाले, "सुभेदार, तुमचंच बराबर."

मला वाटले, सासरे मिशीला पीळ देतील. ते नुसते "हां" म्हणाले आणि कोटाच्या गुंड्या लावू लागले. परतीच्या वाटेवर मी आग्रहाने भडंग घेतले. दोघांनी पुडा मांडीवर धरून ठेवला. कोणी तो उघडलासुद्धा नाही. दोन माणसे इतक्या शांतपणे एकमेकांशी सहमत झालेली मी पूर्वी पाहिली नव्हती आणि पुन्हा पाहण्याची इच्छाही नाही.

पुढच्या रविवारी चाचा आले नाहीत. गुडघा धरला आहे, असा निरोप आला. त्यापुढच्या रविवारी निरोपही आला नाही. माझ्या अपराधी मनाला स्वस्थ बसवेना म्हणून मी सासुरवाडीला गेलो. सासूबाईंनी मला दारातच गाठले.

"पावणं, तुमी काय करून ठिवलंसा? ह्यो मानूस आता दिसभर माज्याशी बोलतूया!"

"चांगलेच आहे की."

"काय चांगलं? मला शेरडं हायती, चूल हाय. काल भाकरी थापताना इचारतोय, वारं आडवं असलं तर गोळी किती सरकंल? म्या म्हनलं, ह्यी भाकरी सरकली तर तुमच्या डोक्यात बसंल."

सासरे ओसरीवर होते. समोर दोन कप मांडलेले होते. एक भरलेला, एक पालथा. मी बसलो. त्यांनी पाण्याचे विचारले नाही, हळदीचे विचारले नाही. भरलेला कप बाजूला सारून म्हणाले, "पावणं, ती बंदूक सरकारजमा करून टाकू म्हनतोय. अर्ज लिहून द्या. घरात उगा लोखंड कशाला?"

मी मान हलवली. पन्नास वर्षांत ज्या बंदुकीतून एकही शिकार झाली नव्हती, ती आता, तिचे काडतूस ठरल्यावर, निरुपयोगी झाली होती. एका माणसाला कायद्याने बंदी घातली तरी त्याची शिकार चालू राहते. मी मात्र ती पुठ्ठ्याच्या दोन तुकड्यांनी बंद पाडली होती. अर्ज मी पुढच्या खेपेला लिहून आणतो, असे सांगून निघालो.

सांगलीस येईपर्यंत मी स्वतःला पुष्कळ बोलून घेतले. मग उपाय शोधू लागलो. चाचांना काहीतरी खोटे सांगून परत आणता आले असते, पण मला खोटे बोलता येत नाही. हा सद्गुण नव्हे. माझे कान लाल होतात. तेव्हा मला एक प्रामाणिक शंका हवी होती. स्वतःच्याच प्रयोगात दोष सापडावा, म्हणून मी पुस्तके चाळू लागलो. विद्यार्थ्यांच्या वह्यांतल्या चुका शोधताना मी कधी इतक्या आशेने पाहिले नव्हते.

आणि चूक सापडली. रायफलीच्या नळीत आतून पीळ असतात. त्या पिळांमुळे गोळी भोवऱ्यासारखी फिरते आणि सरळ जाते. लांब काडतुसाच्या जड गोळीला जे पीळ मानवतात, ते आखूडच्या हलक्या गोळीला मानवतीलच असे नाही. तिच्यासाठी जरा सैल पिळाच्या नळ्या वेगळ्या बनवत असत. शिवाय नळीच्या बुडाशी लांब काडतुसासाठी केलेल्या घरात आखूड ठेवले की त्याच्या गोळीला पिळापर्यंत पोकळीतून उडी मारावी लागते. आम्ही वापरलेली रायफल लांबसाठीच बनवलेली होती. माझा प्रयोग पक्षपाती होता! स्वतःची चूक सापडल्याचा इतका आनंद मला आयुष्यात झाला नव्हता. मी पत्नीला उठवून सांगितले. ती म्हणाली, "मला काय सांगता? लोणंदला जा."

मी लोणंदला गेलो. चाचा मुलाच्या गाळ्यात कांद्याच्या पोत्यांना टेकून बसले होते. मांडी घातलेला गुडघा ठणठणीत दिसत होता.

"या पावणं," ते म्हणाले. "मी येनार न्हाई. त्या कागदी गाढवापुढं माजी इज्जत गेली. आता तितं येऊन काय बोलू? सुभेदार म्हनतील तसं, सुभेदार म्हनतील तसं, ह्येच करू व्हय?"

मी त्यांना नळी, पीळ आणि पोकळी समजावून सांगितली. समजावताना एक कांदा गोळी झाला आणि हिशेबाची गुंडाळी नळी झाली. चाचा पुढे वाकून ऐकत होते. हळूहळू त्यांची पाठ पोत्यापासून सुटली.

"म्हंजे नळी लांबची?"

"लांबची."

"आन तिच्यात माजं शॉर्ट घातलं?"

"घातले. चूक माझी."

"आरं तिच्या! तालीम त्येंची, माती त्येंची, पंच त्येंचा जावई, आन मी चितपट!" ते उठून उभे राहिले. मुलगा म्हणाला, "अब्बा, गुडघा." ते म्हणाले, "गुडघा मर्दा तुजा. टोपी दे."

सासुरवाडीपर्यंत फलटणवरून जाणाऱ्या एसटीत त्यांनी ते तालमीचे वाक्य तीन वेगवेगळ्या प्रवाशांना ऐकवले. ओसरीच्या पायरीवर पाय ठेवण्याआधीच ते गरजले, "सुभेदार! कुस्ती पुन्यांदा हुनार! बंदूक तुमच्याकडनं लढली!"

सासरे उठले. मी सगळे पुन्हा समजावून सांगितले, आणि आभाराची नव्हे, पण निदान क्षमेची अपेक्षा ठेवली. सासऱ्यांचा चेहरा लाल झाला.

"पावणं, तुमी मास्तर हाय का कोन? आदी नळी बघायची, मंग काडतूस! एवढं रिक्रुटाला बी कळतंय!"

"शिकल्याली मानसं, सुभेदार," चाचा दिलदारपणे म्हणाले. "सोडा. पर शॉर्टची नळी असती तर तुमच्या लांबला पुठ्ठा बी दिसला नसता."

"पुठ्ठा? आरं, शॉर्टची नळी मिळती कुटं? ससा काय तुमची नळी सापडंस्तवर थांबनार हाय?"

"माजा ससा थांबतोय. तुमचाच पळतोय, आवाज ऐकून!"

सासूबाई दुसरा कप सरळ करून त्यात चहा ओतत होत्या. माझ्याकडे पाहून त्यांनी पदर तोंडाशी धरला. शेरडे ओरडत होती, भाकऱ्या गार होत होत्या, आणि वाद आता वाऱ्याच्या दिशेवरून घाणेरीच्या जाळीपर्यंत पोहोचला होता. माझ्या खिशात बंदूक जमा करण्याच्या अर्जाचा कागद होता. शब्द दिला होता, तो पाळायला हवा, म्हणून मी घसा साफ करून हळूच विचारले, "तो अर्ज उद्या ठाण्यात देऊ का?"

दोघेही बोलता बोलता थांबले आणि माझ्याकडे असे पाहू लागले, की जणू मी भर मांडवात अंत्यविधीची चौकशी केली.

"तुमी जरा गप बसा वो, पावणं," सासरे म्हणाले. "आजून काडतूस ठरलं न्हाई."